सुगंतीचे चार टक्के

सुगंती कासदेकरने ती कल्पना पहिल्यांदा मांडली तेव्हा वेदांत टाले भेळ खात होता, आफरीन मोबाईलवर कुणाला तरी उत्तर देत होती आणि पीयूष राठी खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत छताकडे बघत होता.

चौघे अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. त्यांचा प्रकल्प होता रपट्यांसाठी. मेळघाटात नदीनाल्यांवर असे बुटके पूल असतात, खालून सिमेंटचे पाइप आणि वरून रस्ता. पूर आला की पाणी रस्त्यावरून वाहू लागतं. मग एसटीचा ड्रायव्हर अंदाजानंच गाडी घालतो. कधी पार होतो, कधी होत नाही. पाणी वर चढण्याआधीच इशारा देणारं एखादं स्वस्त यंत्र या चौघांना बनवायचं होतं. पाण्याची उंची मोजणारा सेन्सर त्यांनी लावून पाहिला होता, पण गाळ, पालापाचोळा आणि कोळ्यांची जाळी यांनी तो दरवेळी आंधळा करून टाकला होता.

"उंची मोजायलाच नको," सुगंती म्हणाली. "पाइपाची थरथर मोजू या. अर्धा भरलेला पाइप वेगळा थरथरतो. पूर्ण भरत आला की कंपनं एकदम मंदावतात. म्हणजे पाणी वर चढायच्या आधीच कळेल. आणि सेन्सर काँक्रीटच्या आत पुरता येईल, त्याला पाणी लागणारच नाही."

कुणी काहीच बोललं नाही. वेदांतने भेळेतला एक शेंगदाणा शोधून तोंडात टाकला. आफरीनने मान वर केली, पण मोबाईल पुन्हा वाजला.

थोड्या वेळाने पीयूषच्या खुर्चीचे पुढचे पाय धाडकन जमिनीवर आले.

"अरे! आपण कंपनं का मोजत नाही? पाइप भरला की त्याचा आवाज बदलणारच ना!"

"अबे, भारी!" वेदांत ओरडला. "कंपनं! हेच तं पाहिजे होतं."

"पीयूष, मस्त आहे हे," आफरीन म्हणाली.

"मी आत्ता तेच..." सुगंतीने सुरुवात केली. पण तोवर तिघंही फळ्याजवळ पोचले होते. मग तीही उठली आणि आकडेमोडीला लागली. कल्पना बरोबर होती आणि काम पुष्कळ पडलं होतं.

टेबलाच्या मधोमध भाकरीएवढी एक काळी तबकडी होती. तिच्या कडेचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता. तिने सगळं ऐकलं होतं.

तिचं नाव पारखी. गेल्याच वर्षी महाविद्यालयाने ती प्रत्येक प्रयोगशाळेत बसवली होती. गटात काम कोण करतं आणि नाव कुणाचं होतं, हे जुनं भांडण मिटवायला तिला आणलं होतं. तबकडीतले मायक्रोफोन प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखत. कोण काय म्हणालं ते टिपून घेत, आणि एखादी कल्पना कुठे उगवली, कुठे वाढली, याचा माग काढून सत्राच्या शेवटी प्रत्येकाचा वाटा सांगत. बोलणारा मुलगा आहे की मुलगी, कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे पारखीला माहीतच नसे. तिच्यासाठी माणूस म्हणजे फक्त एक क्रमांक.

पारखीसाठी सर्वांत जास्त धडपड केली होती ती डॉ. मृणाल केळापुरे यांनी. समावेशन कक्षाच्या त्या प्रमुख. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांचं एक संशोधन त्यांच्या मार्गदर्शकाच्या नावावर छापून आलं होतं आणि खाली बारीक अक्षरात 'मृणाल हिच्या साहाय्याने' एवढंच लिहिलं होतं. ती गोष्ट त्या प्रत्येक नव्या वर्गाला सांगत आणि पुढे म्हणत, "तुमच्या बाबतीत हे होणार नाही. तुमच्या टेबलावर साक्षीदार बसलेला आहे."

सुगंतीचा त्यावर विश्वास होता. मेळघाटातल्या कोरकू घरात ती वाढली. घरची बोली कोरकू, शाळेतली मराठी, पुस्तकातली इंग्रजी. त्यामुळे बोलण्याआधी वाक्य मनात एकदा फिरवून बघायची तिला सवय लागली होती. ती फिरवाफिरव होईपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून मोकळं होई. पण पारखीला तर घाई नव्हती. सगळं नोंदलं जात होतं, मग काळजी कशाची?

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत पूल आणि धरणांच्या कंपनांवर दोन वर्षं काम करायला मिळणार होतं. महाविद्यालयाला पाच जागा होत्या. पूर्वी त्यातल्या तीन मुली, आदिवासी आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या असत. यंदा पाचही जागा एकत्र करून पारखीने दिलेल्या वाट्यावर वाटायच्या होत्या. सूचना फलकावर लिहिलं होतं : 'पारखी निःपक्षपाती असल्याने वेगळ्या जागांची आवश्यकता उरलेली नाही.'

निकाल लागला तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलवर आपापला वाटा आला. पीयूषला छप्पन्न टक्के. वेदांतला वीसच्या वर. आफरीनला त्याहून थोडे कमी. सुगंतीला चार.

आकड्याखाली एक सल्लाही होता. 'गटचर्चेतील आपला सहभाग वाढवण्यासाठी आत्मविश्वास कार्यशाळेत नाव नोंदवा.'

सुगंतीने तो सल्ला वाचला, मोबाईल उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला आणि वाचला. आत्मविश्वास! मेळघाटातल्या धारणीपासून इथवर ती काय आत्मविश्वासाशिवाय आली होती?

पीयूष कँटीनमध्ये सापडला. पोरं त्याची पाठ थोपटत होती. तिने त्याला बाजूला बोलावलं.

"पीयूष, पाइपाच्या कंपनांचं मी आधी बोलले होते. तुला आठवतं ना?"

तो खरोखर गोंधळला. "तू? कधी?"

"तुझ्या आधी. त्याच दिवशी, त्याच टेबलावर."

"सुगंती, तुझी शपथ, ते मला सुचलं होतं. मी वर बघत होतो आणि एकदम डोक्यात आलं."

"डोक्यात आलं कारण कानात गेलं होतं."

पीयूषचा चेहरा पडला. मुलगा वाईट नव्हता. ती आजारी होती तेव्हा त्यानेच तिच्यासाठी सगळी टिपणं स्कॅन करून पाठवली होती. पण आत्ता त्याच्या समोर बंगळूर होतं.

"हे बघ, मी म्हणतोय का मला द्या म्हणून? मशीनने सांगितलंय. मशीनचं तुझ्याशी काय वैर आहे?"

आणि तो पोरांच्या घोळक्याकडे निघून गेला.

केळापुरे मॅडमनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "सुगंती, तुला काय वाटत असेल ते माझ्याएवढं कुणाला कळणार? पण मी ज्या काळात होते तेव्हा पुरावा नव्हता. आता आहे. पुरावा आपल्या मनासारखा निघाला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही ना?"

"मॅडम, मी बोलले होते."

"बोलली असशील. पण गटापर्यंत पोचलं नसेल. म्हणून तर कार्यशाळा आहे. तू हुशार आहेस. थोडं मोठ्याने, थोडं ठामपणे बोलायला शीक. पुढच्या संधीला नक्की."

"म्हणजे त्यांनी ऐकलं नाही आणि शिकायचं मी?"

मॅडमचा चेहरा आक्रसला. "असं तोडून बोलू नकोस. तुमच्यासाठीच केलंय हे सगळं."

'तुमच्यासाठी' हा शब्द घेऊन सुगंती बाहेर पडली आणि जिन्यातच बसून राहिली. रडू आलं नाही. संताप इतका होता की रडायला जागाच नव्हती.

तिथेच नलूताई भेटल्या. मेकॅनिकलच्या मितालीला ऐकू येत नसे. ती खुणांच्या भाषेत बोले आणि नलूताई तिचं बोलणं मोठ्याने सगळ्यांना सांगत. महाविद्यालयाने त्यांना त्यासाठीच नेमलं होतं. मिताली त्यांच्या मागेच उभी होती, रागाने लाल झालेली.

"काय झालं, ताई?"

"काय व्हते! हे वाच." नलूताईंनी मोबाईल पुढे केला. "मशीननं मले शाबासकी देल्ली. म्हणे उष्णतेच्या इंजिनावर माझे विचार मौलिक आहेत. अवं, मी बी.ए. मराठी! इंजिन म्हणजे मले फक्त रेल्वेचं माहीत. अन् या पोरीले भोपळा."

मिताली हातांनी भराभर काहीतरी बोलली. नलूताईंनी नेहमीच्या सवयीने ते मोठ्याने सांगितलं : "ती म्हणते, मी त्या टेबलावर बसलेलीच नव्हते, असं त्या मशीनचं म्हणणं आहे."

सुगंती उठून उभी राहिली. पारखीला मितालीचा आवाज ऐकू आला नाही, हे तर समजण्यासारखं होतं. पण सुगंतीला आवाज होता. तो तबकडीपर्यंत पोचला होता. मग पारखीने त्याचं केलं काय?

प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गटाचं ध्वनिमुद्रण ऐकण्याचा हक्क होता. आजवर तो कुणी बजावला नव्हता. सुगंतीने अर्ज केला आणि ग्रंथालयात हेडफोन लावून बसली. त्यात तिचा स्वतःचा आवाज होता, स्वच्छ, एकाही शब्दाला न अडखळता. 'पाइपाची थरथर मोजू या.' मग शांतता. शेंगदाणा फुटल्याचाही आवाज होता. मग खुर्ची, मग पीयूष, मग आरडाओरडा.

त्यानंतर तिने पारखी बनवणाऱ्या कंपनीने दिलेली तांत्रिक माहिती वाचून काढली. संकेतांचं, म्हणजे सिग्नलचं विश्लेषण हा तिचाच विषय, त्यामुळे तिला ती अवघड गेली नाही. जसजशी वाचत गेली तसतशी तिची पाठ ताठ होत गेली.

पारखीला अभियांत्रिकी येतच नव्हती. कल्पना चांगली की वाईट, हे तिला कळत नव्हतं आणि तिला ते शिकवलंही नव्हतं. तिला शिकवलं होतं ते मोठमोठ्या कंपन्यांच्या जुन्या बैठकांची हजारो ध्वनिमुद्रणं ऐकवून. त्यातून ती एकच गोष्ट शिकली होती : ज्या वाक्यानंतर लोक 'वा' म्हणतात, तेच शब्द पुन्हा उच्चारतात, एकमेकांचं बोलणं तोडून बोलू लागतात, ते वाक्य महत्त्वाचं. ज्या वाक्यानंतर शांतता पसरते ते वाक्य फुकट. कंपनीने याला नाव दिलं होतं 'प्रभाव'. आणि त्या जुन्या बैठकांमध्ये वाहवा कुणाला मिळत आली होती आणि कुणाच्या वाट्याला शांतता आली होती, हे सांगायला मशीनची गरज नव्हती.

म्हणजे पारखीला जात दिसत नव्हती, बाईमाणूस दिसत नव्हतं, हे खरं होतं. पण टेबलाभोवतीच्या लोकांना दिसत होतं. पारखी फक्त त्यांच्या माना डोलताना मोजत होती आणि त्या मोजणीवर निःपक्षपातीपणाचा शिक्का मारत होती.

सुगंतीने हे आफरीन आणि वेदांतला सांगितलं. "मला वाटायचं मीच ढ आहे," आफरीन म्हणाली. "कसं बोललं की लोक ऐकतात, त्याचे व्हिडिओ बघत होते मी यूट्यूबवर."

"मले बावीस टक्के," वेदांत म्हणाला, "अन् मी तं भेळच खाल्ली."

पुढच्याच आठवड्यात महाविद्यालयात पारखीचं जाहीर प्रात्यक्षिक होतं. विदर्भ-खानदेशातले वीसेक प्राचार्य ते बघायला येणार होते. आवडलं तर त्यांच्याकडेही पारखी बसणार होती. प्रात्यक्षिकासाठी सर्वोत्तम गट म्हणून निवड झाली होती ती याच चौघांची. सुगंतीने काय करायचं ते सांगितलं. वेदांत आणि आफरीन लगेच तयार झाले. पीयूष ऐकत राहिला.

"मी यात नाही," तो म्हणाला. "माझी जागा जाईल."

"तुझ्यावर जबरदस्ती नाही," सुगंती म्हणाली. "पण तिथे मी काय बोलते ते ऐक. एवढंच."

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्राचार्य, त्यांच्या शेजारी केळापुरे मॅडम, आणि मंचावर निळ्या ब्लेझरमधला कंपनीचा तरुण प्रतिनिधी. मोठ्या पडद्यावर चार रंगांचे चार खांब होते, सगळे अजून शून्यावर. प्रश्न पाहुण्यांपैकी एकाने दिला : खेड्यातल्या दवाखान्यात लस ठेवायचा फ्रिज असतो, तिथे वीज जाते-येते, लस खराब होतेय हे वेळेत कसं ओळखायचं?

सुगंतीने वाक्य मनात फिरवलं आणि बोलली. "आपण फ्रिजमधल्या हवेचं तापमान मोजतो. नर्सने दार उघडलं की ते लगेच चढतं आणि खोटा इशारा येतो. म्हणून हवेचं मोजायचंच नाही. लसीच्या बाटलीसारख्याच एका बाटलीत पाणी भरायचं, सेन्सर त्यात बुडवायचा. ते पाणी जेवढं तापेल तेवढीच लस तापली, असं समजायचं."

शांतता. प्राचार्यांच्या रांगेत एकाने मान हलवली, पण टेबलावर कुणीच काही बोललं नाही. पडद्यावर सुगंतीचा खांब हलला नाही.

मग वेदांतने घसा खाकरला. "मला असं वाटतं," तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, "की फ्रिज थंड असला पाहिजे."

"वा!" आफरीन ओरडली. "थंड! वेदांत, अगदी मुद्द्याचं बोललास!"

वेदांतचा खांब सर्रकन वर गेला.

आता तिघंही पीयूषकडे बघत होते. सुगंतीचं उत्तर त्याने ऐकलं होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. तेच उत्तर आपल्या दणदणीत आवाजात तो पुन्हा बोलला असता तर आफरीन आणि वेदांत गप्प राहिले तरी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि त्याची जागा पक्की झाली असती. त्याने तोंड उघडलं. सुगंतीने टेबलाखाली मुठी आवळल्या.

"थंड असला पाहिजे," पीयूष म्हणाला. "म्हणजे... थंडच! याच्या पुढे काय बोलणार? वेदांतने सगळंच बोलून टाकलं."

"थंडच!" आफरीन म्हणाली.

"अन् बंद असला पाहिजे दार," वेदांत म्हणाला.

"वा, दार!"

मागच्या रांगांमध्ये हसू फुटलं. पडद्यावर वेदांतचा खांब जवळजवळ वरच्या कडेला टेकला होता, सत्त्याऐंशी टक्के. सुगंतीचा खांब दिसतच नव्हता. त्याच्या जागी एक ओळ उमटली : 'या सदस्याला आत्मविश्वास कार्यशाळेची शिफारस करण्यात येत आहे.'

हसू थांबलं.

केळापुरे मॅडम उभ्या राहिल्या. त्यांचा रंग उडाला होता. "एक मिनिट," त्या कंपनीच्या प्रतिनिधीला म्हणाल्या. "प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं?"

"मॅडम, विद्यार्थ्यांनी ठरवून गोंधळ घातलाय..."

"ते मला दिसतंय. उत्तर कुणी दिलं?"

तो तरुण पडद्याकडे बघत राहिला. "पारखी उत्तर मोजत नाही, मॅडम. प्रभाव मोजते. ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे."

"मी ते वाचलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. सभागृहात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मी फक्त 'निःपक्षपाती' एवढा शब्द वाचला."

पुढे जे झालं ते सरळ झालं नाही. महाविद्यालयाच्या प्राचार्यांना हा सगळा आगाऊपणा वाटला. पाहुण्यांसमोर संस्थेची नाचक्की केली म्हणून चौघांनी लेखी माफी मागावी, असा निरोप आला. चौघांनीही नकार दिला. केळापुरे मॅडम प्राचार्यांच्या दालनात गेल्या आणि म्हणाल्या, "माफी मागायची तर पहिली माझी घ्या. त्या तीन जागा माझ्या सहीने बंद झाल्या आहेत." त्यांनी आपलं पदच पणाला लावलं तेव्हा कुठे तीन शिक्षकांची समिती नेमली गेली. समितीने सगळ्या गटांची ध्वनिमुद्रणं कानांनी ऐकली. मितालीच्या गटाबरोबर तर नलूताईंना बसवून प्रत्येक वाक्य मितालीला विचारून पडताळलं. या कामात महिना मोडला. ज्यांनी हे काम केलं त्यांतले एक म्हातारे सर म्हणाले, मी तीस वर्षं शिकवतोय आणि माझ्या वर्गात कोण काय बोलतं ते आज पहिल्यांदा ऐकलं.

वेगळ्या तीन जागा पुन्हा सुरू झाल्या. पण सुगंती आणि मितालीला त्यांची गरज लागली नाही. दोघीही खुल्या यादीतच वर आल्या. पीयूषचं नाव खाली गेलं आणि त्याची जागा हुकली.

तो एकदा तिला प्रयोगशाळेत भेटला. टाकीतल्या पाइपात पाणी भरून ते दोघं कंपनं तपासत होते. प्रकल्प तर पुरा करायचाच होता.

"मी ते रेकॉर्डिंग ऐकलं," तो म्हणाला. "दोनदा ऐकलं. तू आधी बोलली होतीस. आणि तरीही, खरं सांगतो, मला अजूनही वाटतं की ते मला सुचलं."

"माहीत आहे," सुगंती म्हणाली. "तू चोरलं असतंस तर मी भांडले असते आणि विसरले असते. तुला ऐकूच आलं नाही, याचा राग जात नाही."

त्याने पाण्याचा नळ थोडा आणखी उघडला.

कंपनीने त्यानंतर पत्रक काढलं. 'काही विद्यार्थ्यांच्या असहकारामुळे अपवादात्मक निकाल आला,' असं त्यात म्हटलं होतं. पारखीची सुधारित आवृत्ती लवकरच येणार होती. त्या सभागृहातल्या वीसपैकी सहा प्राचार्यांनी जुनीच विकत घेतली.

जूनमध्ये सुगंती बंगळूरला निघायच्या आधी महाविद्यालयाच्या फाटकावर एक मोठा फलक लागला. त्यावर तिचं छायाचित्र होतं, प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटात. खाली ठळक अक्षरं : 'दुर्लक्षितांना मुख्य प्रवाहात सामावून घेणारं आपलं महाविद्यालय.'

ती तशीच वळून केळापुरे मॅडमकडे गेली.

"तो फलक उतरवा, मॅडम."

"का गं? तुझं कौतुकच आहे त्यात. प्राचार्यांनी आपणहून लावलाय."

"सामावून घेतलं म्हणजे काय? मी चार वर्षं आतच होते. त्याच टेबलावर, सगळ्यांच्या मधोमध बसून, स्वच्छ मराठीत बोलत होते." तिचा आवाज चढला आणि या वेळी तिने वाक्य मनात फिरवून बघितलं नाही. "मला कुणी आत घेतलेलं नाही. फार तर असं लिहा, की आम्हाला चार वर्षांनी ऐकू आलं."

मॅडमनी टेबलावरचा फोन उचलला आणि शिपायाला शिडी घेऊन फाटकावर जायला सांगितलं.